खडीखालचे पठार : विद्युत उपकेंद्राचे अर्थिंग

विजेच्या उपकेंद्रात जमिनीवर सगळीकडे खडी का पसरलेली असते? रस्त्याने जाताना जाळीच्या कुंपणाआड ट्रान्सफॉर्मर, लोखंडी सांगाडे आणि चिनीमातीच्या चकत्यांच्या माळा दिसतात, आणि त्या सगळ्यांखाली असतो खडीचा थर. पावसात चिखल होऊ नये, गवत माजू नये, ट्रान्सफॉर्मरचे तेल सांडून पेटले तर ते पसरू नये, ही तिन्ही कारणे खरी आहेत. पण खडीचे मुख्य काम तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाचा जीव वाचवण्याचे आहे. हे काम ती एकटी करत नाही. तिच्याखाली हात-दीड हात खोल लोखंडी पट्ट्यांचे एक मोठे जाळे पुरलेले असते. खडी आणि जाळे मिळून होते ते उपकेंद्राचे अर्थिंग.

१. जमीन वीज पिऊन टाकत नाही

‘अर्थिंग केले की वीज जमिनीत निघून जाते’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. त्यातला निम्मा भाग बरोबर आहे. वीज जमिनीत शिरते, पण तिथे मुरत नाही. विद्युतप्रवाह जिथून निघतो तिथे परत पोचतो, तेव्हाच तो वाहतो. उपकेंद्रातून निघालेल्या वाहिनीची तार दहा किलोमीटरवर मनोऱ्याला टेकली, तर प्रवाह मनोऱ्यातून जमिनीत उतरतो, मातीतून वाट काढत उपकेंद्रापर्यंत येतो आणि तिथल्या पुरलेल्या जाळ्यातून वर चढून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला मिळतो. म्हणजे जमीन हा परतीचा रस्ता आहे.

एरवी हा रस्ता जवळजवळ रिकामा असतो. बिघाड झाला की त्यावरून हजारो अँपिअर प्रवाह सेकंदाच्या काही भागापुरता धावतो. तो धावणे आवश्यकही असते. प्रवाह मोठा असेल तरच संरक्षक रिलेला बिघाड कळतो आणि ब्रेकर वाहिनी तोडतो. म्हणून अर्थिंगला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात: बिघाडाच्या प्रवाहाला मोकळी वाट द्यायची, आणि त्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसाला धक्का लागू द्यायचा नाही.

सगळा प्रवाह मातीतून येत नाही. मनोऱ्यांच्या शेंड्यावरून जाणारी अर्थवायर त्यातला बराच भाग परत आणते. पुढच्या उदाहरणासाठी बिघाडाचा प्रवाह १०,००० अँपिअर आणि त्यातला मातीतून येणारा भाग ४,००० अँपिअर धरू.

२. विजेचा डोंगर

जमिनीत पुरलेल्या धातूतून प्रवाह जाऊ लागला की त्या जागेचा विद्युतदाब दूरच्या जमिनीच्या तुलनेत वाढतो. हा दाब म्हणजे उंची समजली, तर पुरलेल्या सळईभोवती जणू एक अदृश्य डोंगर उभा राहतो. त्याचे शिखर सळईवर असते आणि उतार चहूकडे पसरतो.

हा उतार सगळीकडे सारखा नसतो. देवळाच्या अरुंद दारातून बाहेर पडणारी गर्दी दारातच दाटते आणि पटांगणात आली की पांगते. प्रवाहाचेही तसेच असते. सळईला लागून असलेल्या थोड्याशा मातीतून सगळ्या प्रवाहाला जावे लागते, म्हणून तिथे दाब झपाट्याने उतरतो. पुढे माती मुबलक असते आणि उतार सौम्य होतो.

अर्धा मीटर त्रिज्येचा अर्धगोल जमिनीत पुरला आहे आणि त्याचा दाब १,००० व्होल्ट झाला आहे, अशी कल्पना करू. मध्यापासून १ मीटरवर जमिनीचा दाब ५०० व्होल्ट असेल, २ मीटरवर २५०, ९ मीटरवर सुमारे ५६ आणि १० मीटरवर ५०. पहिल्या आणि दुसऱ्या मीटरच्या खुणेवर एकेक पाय असलेल्या माणसाच्या दोन पावलांमध्ये २५० व्होल्टचा फरक पडतो. नवव्या आणि दहाव्या मीटरवर तोच फरक जेमतेम ६ व्होल्ट असतो. पाऊल तेवढेच, उतार वेगळा.

यातून धोक्याचे दोन प्रकार कळतात. दोन पावलांमधल्या फरकाला पाऊल-दाब म्हणतात. हाताने धरलेली धातूची वस्तू आणि पायाखालची जमीन यांच्यातल्या फरकाला स्पर्श-दाब म्हणतात. दोन्हींत माणसाला इजा करतो तो फरक. पाचगणीच्या टेबललँडवर फिरणारा माणूस समुद्रापासून हजार मीटरहून उंचावर असतो, पण पायाखाली सपाटी असल्याने त्याला ती उंची जाणवत नाही. कड्यापाशी मात्र एकेक पाऊल जपून टाकावे लागते. उपकेंद्राचे अर्थिंग म्हणजे विजेच्या डोंगराचे पठार करण्याची कला आहे.

३. शरीर किती सोसते?

या प्रश्नाचे मोजमाप करून उत्तर शोधणाऱ्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांचे नाव मोठे आहे. साधारण १ मिलिअँपिअर प्रवाहाला झिणझिण्या येतात. त्यांच्या स्वयंसेवकांवरील चाचण्यांत सरासरीने पुरुषांना सुमारे १६ आणि स्त्रियांना सुमारे १०.५ मिलिअँपिअरपर्यंतच हातातली वस्तू सोडता आली. त्यापुढे स्नायू आखडतात. प्रवाह आणखी वाढला की हृदयाच्या ठोक्यांची लय विस्कटते, आणि हेच मरणाचे मुख्य कारण ठरते. घरच्या फलकावरचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, याच ज्ञानातून आला आहे.

हृदय किती प्रवाह सोसेल हे त्याच्या कालावधीवर अवलंबून असते. उपकेंद्रांसाठी जगभर वापरला जाणारा नियम असा: ५० किलो वजनाच्या माणसासाठी ०.११६ या आकड्याला सेकंदांच्या वर्गमुळाने भागायचे, म्हणजे सुरक्षित अँपिअर मिळतात. अर्ध्या सेकंदासाठी हे उत्तर ०.१६४ अँपिअर, म्हणजे १६४ मिलिअँपिअर येते. एक दशांश सेकंदासाठी ते ३६७ मिलिअँपिअर येते. ब्रेकर जितका चपळ, तितकी माणसाची जगण्याची शक्यता जास्त. जाळे कितीही चांगले असले आणि रिले मंद असली, तर तो आराखडा अपुराच राहतो.

हिशेबात शरीराचा रोध १,००० ओहम धरतात. पायातल्या बुटांचा रोध मोजत नाहीत. बूट ओला असेल, फाटका असेल किंवा नसेलही, असे गृहीत धरूनच आराखडा करायचा असतो.

४. एक सळई का पुरत नाही

ओलसर मातीत ३ मीटरची एक सळई ठोकली तर तिचा रोध साधारण ३० ओहम भरतो. तिच्यातून ४,००० अँपिअर जायचे तर दाब लाखाच्या घरात जाईल. म्हणून उपकेंद्राच्या सगळ्या आवारात आडव्या-उभ्या पट्ट्यांचे जाळे पुरतात. खोली साधारण अर्धा ते पाऊण मीटर, आणि दोन पट्ट्यांत बहुधा ३ ते ७ मीटर अंतर. कडेने, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपाशी आणि वीजरोधकांपाशी उभ्या सळया ठोकून त्या जाळ्याला जोडतात. परदेशांत अनेक ठिकाणी तांबे वापरतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लोखंड किंवा जस्त चढवलेले लोखंड असते: ते स्वस्त पडते, चोरीला कमी जाते आणि शेजारच्या लोखंडी पायांना गंजवत नाही. मातीत ते स्वतः मात्र गंजते, म्हणून काही दशकांची झीज धरून पट्टी मुळातच जाड घेतात.

७० मीटर लांब आणि तेवढेच रुंद आवार घेऊ. ७ मीटर अंतराने दोन्ही दिशांना ११-११ पट्ट्या टाकल्या तर एकूण लांबी १,५४० मीटर होते. जमिनीची रोधकता, म्हणजे प्रवाहाला अडवण्याचा मातीचा गुण, १०० ओहम-मीटर असेल, तर जाळ्याचा रोध सुमारे ०.७ ओहम येतो. त्यातला ०.६३ ओहम वाटा केवळ आवाराच्या क्षेत्रफळाने ठरतो. पट्ट्यांच्या लांबीचा वाटा जेमतेम ०.०७ ओहम असतो. दुप्पट लोखंड पुरले तरी रोध फारसा उतरत नाही.

मग जास्त पट्ट्यांचा उपयोग काय? त्या पठार सपाट करतात. ४,००० अँपिअर गुणिले ०.७ ओहम म्हणजे २,८०० व्होल्ट. बिघाडाच्या क्षणी सगळे आवार, त्यातले सांगाडे आणि माणसे एकदम एवढी ‘उंच’ उचलली जातात. दोन पट्ट्यांच्या मधोमध जमिनीला खळगा पडतो. कोपऱ्यातल्या चौकटीत तो सर्वांत खोल असतो; वरच्या आराखड्यात तिथे स्पर्श-दाब सुमारे ५२५ व्होल्ट येतो. म्हणून अनुभवी अभियंता कडेला आणि कोपऱ्यांत पट्ट्या दाट टाकतो.

पठाराची ही कल्पना एका जागी अगदी जवळून पाहता येते. वाहिनी हाताने तोडणारा एबी स्विच उघडण्याच्या दांड्याखाली, ऑपरेटर उभा राहतो नेमक्या त्या जागी, लहान लोखंडी जाळी बसवलेली असते आणि ती पट्टीने थेट दांड्याला जोडलेली असते. स्विच उघडताना काही बिघडले तर त्याचे हात आणि पाय एकाच उंचीवर राहावेत, एवढ्यासाठी ती असते. ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला जमिनीतून एकाऐवजी दोन वेगळ्या पट्ट्या येतात, कारण भारतातले नियम दोन स्वतंत्र जोडण्या मागतात. एक तुटली तरी दुसरी राहते.

५. खडीचा हिशेब

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. उघड्या पावलाचा जमिनीशी असलेला रोध साधारणपणे रोधकतेच्या तिप्पट धरतात. १०० ओहम-मीटरच्या उघड्या मातीवर प्रत्येक पायाखाली ३०० ओहम येतात. हाताने सांगाडा धरला असता दोन्ही पाय जणू शेजारी-शेजारी चालणाऱ्या दोन वाटा होतात, म्हणून मिळून १५० ओहम. शरीराचे १,००० धरून वाटेचा एकूण रोध १,१५० ओहम. ५२५ व्होल्टला ११५० ने भागले तर सुमारे ४५६ मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जाईल. अर्ध्या सेकंदाची मर्यादा १६४ आहे. माणूस वाचेल असे म्हणता येत नाही.

त्याच मातीवर १० सेंटिमीटर खडी पसरली, तर ओल्या खडीचीही रोधकता ३,००० ओहम-मीटरच्या आसपास धरता येते. थर पातळ असल्याने तिचा सुमारे ७० टक्के परिणामच मिळतो, म्हणजे २,१००. प्रत्येक पायाखाली ६,३०० ओहम, दोन्ही मिळून ३,१५०, आणि शरीर धरून ४,१५०. आता प्रवाह सुमारे १२७ मिलिअँपिअर होतो, मर्यादेच्या आत. दाब तोच, जाळे तेच. वीतभराहून कमी जाडीच्या दगडांनी हा फरक घडवला.

६. कड्यापलीकडे : कुंपण, नळ आणि गोठा

पठार जिथे संपते तिथे कडा असतो, आणि उपकेंद्राच्या बाबतीत कड्यावरच कुंपण असते. रस्त्यावरचा माणूस, शाळेतली मुले, गुराखी यांचा हात लागतो तो कुंपणालाच. म्हणून कुंपण जाळ्याला जोडलेले असेल, तर त्याच्या बाहेर साधारण एक मीटरवर आणखी एक पट्टी पुरतात. बाहेरून जाळीला हात लावणाऱ्याचे पाय मग पठारावरच राहतात. दुसऱ्या पद्धतीत कुंपण जाळ्यापासून दूर ठेवून त्याचे अर्थिंग वेगळे करतात. फाटकाच्या बिजागरीवर भरवसा न ठेवता फाटक आणि खांब लवचीक तांब्याच्या वेणीने जोडतात. फाटक बाहेरच्या बाजूला उघडत असेल, तर ते फिरते त्या जागेखालीही पट्टी न्यावी लागते.

याहून मोठा धोका दूरवर पोचतो. उपकेंद्राच्या जाळ्याला जोडलेला लोखंडी नळ ३०० मीटरवरच्या वस्तीत गेला असेल, तर बिघाडाच्या क्षणी आवारातले २,८०० व्होल्ट त्या नळाच्या तोटीवर हजर होतात. तोटी धरणारी बाई मात्र जवळजवळ शून्य दाबाच्या जमिनीवर उभी असते. वरच्याच हिशेबाने तिच्या शरीरातून दोन अँपिअरहून जास्त प्रवाह जाईल. उपकेंद्रात बिघाड झाला हे तिला कळणारही नाही. टेलिफोनच्या तांब्याच्या तारा याच्या उलट करतात: दूरचा शून्य दाब त्या पठाराच्या मध्यावर आणून ठेवतात.

उपाय साधे आहेत, पण ते आठवणीने करावे लागतात. कुंपणापाशी नळाचा काही भाग प्लास्टिकचा घ्यावा. संदेशवहनाला धातू नसलेली ऑप्टिकल फायबर वापरावी. रेल्वेची साइडिंग आत आली असेल तर रुळांना रोधक सांधे द्यावेत. शेजारच्या शेताचे तारेचे कुंपण उपकेंद्राच्या कुंपणाला कधीही बांधू देऊ नये.

गुरांचा विचार वेगळा करावा लागतो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत माणसाच्या पावलापेक्षा जास्त अंतर असते, आणि प्रवाहाची वाट त्याच्या छातीतून जाते. ज्या उतारावर माणूस निभावतो तिथे जनावर कोसळू शकते. पावसाळ्यात तुटून पडलेल्या तारेभोवतीही हाच डोंगर उभा असतो. अशा तारेपासून किमान १० मीटर दूर राहावे. चुकून जवळ गेलेल्याने लांब ढांगा न टाकता पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, छोट्या सरकत्या पावलांनी मागे यावे. पाऊल जितके लहान, तितका दोन पायांमधला फरक कमी.

७. जमिनीची नाडी

आराखडा करण्यापूर्वी जमीन मोजावी लागते, कारण मातीमातीत फार फरक असतो. ओल्या सेंद्रिय मातीची रोधकता १० ओहम-मीटरच्या आसपास असते, ओलसर मातीची १००, कोरड्या मातीची १,००० आणि अखंड खडकाची १०,०००. महाराष्ट्रात हे सगळे एकाच खड्ड्यात सापडू शकते. वर काळी माती, मग मुरूम, खाली बसाल्ट. काळी माती पावसाळ्यात वीज सहज वाहू देते, पण वैशाखात भेगाळते. खाली खडक असेल तर उभ्या सळयांचा उपयोग थोडा आणि आडव्या जाळ्याचा जास्त. कोकणच्या खाऱ्या किनारी मातीत रोध कमी मिळतो, पण लोखंड लवकर खाल्ले जाते.

मोजणीची रूढ पद्धत अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधील फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये मांडली. एका रेषेत समान अंतरावर चार खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन खुंट्यांमधला दाब मोजतात. यंत्राने दाखवलेल्या रोधाला खुंट्यांच्या अंतराने आणि ६.२८ ने गुणले की रोधकता मिळते. अंतर ४ मीटर आणि वाचन २.५ ओहम असेल तर उत्तर सुमारे ६३ ओहम-मीटर. खुंट्यांतले अंतर वाढवले की प्रवाह खोल शिरतो, म्हणून वेगवेगळ्या अंतरांची वाचने खालच्या थरांची माहिती देतात. विहिरीची जागा शोधणारे भूवैज्ञानिकही हेच तत्त्व वापरतात.

जमीन खडकाळ असेल तर खोल बोअर घेऊन त्यात सळई सोडतात, भोवती ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती भरतात. इमारतीच्या पायातल्या सळयाही जाळ्याला जोडतात. काँक्रीट ओल धरून ठेवते, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हर्बर्ट यूफर यांनी ॲरिझोनाच्या कोरड्या प्रदेशात उपयोगात आणले. कोळसा-मिठाचा जुना खड्डाही ओल टिकवण्याचेच काम करतो. पण मीठ पावसात वाहून जाते आणि राहते तोवर लोखंड खाते.

८. बांधल्यानंतरची परीक्षा

जाळे पुरले की ते दिसत नाही, म्हणून ते मोजूनच पारखावे लागते. जाळ्याचा रोध काढण्यासाठी अर्थ मेगरने जाळ्यातून दूरच्या एका खुंटीकडे प्रवाह सोडतात आणि मधल्या एका खुंटीवर दाब मोजतात. प्रवाहाच्या दोन्ही टोकांशी विजेचा एकेक डोंगर तयार होतो. मधली खुंटी दोन्हींच्या उतारापासून दूर, सपाटीवर हवी. एकसारख्या मातीत ही जागा एकूण अंतराच्या ६२ टक्क्यांजवळ येते. ७० मीटरच्या आवाराचा कर्ण ९९ मीटर भरतो. दूरची खुंटी त्याच्या किमान पाचपट, म्हणजे सुमारे ५०० मीटरवर न्यावी लागते आणि मधली ३१० मीटरवर. उसाचे फड आणि रस्ते ओलांडत वायर न्यायचे हे काम कष्टाचे असते. ते टाळून आवाराबाहेर २० मीटरवर खुंटी ठोकली, तर ती जाळ्याच्याच डोंगरावर बसते आणि आकडा फसवा, खूप लहान येतो. मधली खुंटी थोडी पुढे-मागे सरकवून वाचन बदलत नाही याची खात्री केली तरच ते मानावे.

रोध कमी आला म्हणजे काम संपले असे नाही. पाऊल-दाब आणि स्पर्श-दाब प्रत्यक्ष मोजता येतात. ५० हर्ट्झपेक्षा वेगळ्या वारंवारतेचा थोडा प्रवाह जाळ्यात सोडतात. दोन पावलांएवढ्या धातूच्या चकत्यांवर माणसाएवढा भार ठेवतात, शरीराच्या जागी १,००० ओहमचा रोध लावतात आणि सांगाडा, कुंपण, फाटक यांच्याशी असलेला दाब वाचतात. मग तो खऱ्या बिघाडाच्या प्रवाहाच्या प्रमाणात वाढवतात. तिसरी चाचणी अखंडतेची: प्रत्येक सांगाड्यापासून जाळ्यापर्यंतची जोडणी शाबूत आहे का, हे सूक्ष्म रोध मोजणाऱ्या मीटरने पाहतात. गंजून तुटलेला एकच सांधा पूर्ण जाळ्याच्या रोधात दिसत नाही, पण त्या सांध्यावरचा सांगाडा पठाराबाहेर पडलेला असतो.

चाचणी चालू असतानाच बिघाड होऊ शकतो, हे मोजणाऱ्याने विसरू नये. दूर नेलेली वायर अशा वेळी उपकेंद्राचा सगळा दाब हातात आणते. म्हणून रोधक हातमोजे घालायचे, विजा चमकत असताना काम थांबवायचे आणि चालू उपकेंद्रातली अर्थिंगची जोडणी कधीही सोडायची नाही.

९. टिकवण्याचे काम

अर्थिंग पुरून विसरण्याची गोष्ट नाही. वीजजाळे वाढते तसा बिघाडाचा प्रवाह वाढतो, आणि वीस वर्षांपूर्वीचा हिशेब अपुरा पडतो. म्हणून मोजणी ठरावीक काळाने आणि शक्यतो उन्हाळ्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना करावी. काही ठिकाणी खणून पट्टीची झीज डोळ्यांनी पाहावी.

खडीचीही निगा लागते. वाहनांनी ती मातीत दबते, खोदकामानंतर मुरूम वर येतो, पाऊस गाळ आणून तिच्या फटी भरतो. मातीने भरलेली खडी ३,००० ओहम-मीटरची राहत नाही, आणि १२७ मिलिअँपिअरचा आकडा पुन्हा ४५६ कडे सरकू लागतो. केबलसाठी चर खणून झाल्यावर स्वच्छ खडी पुन्हा १० सेंटिमीटरच्या थरात पसरणे, हे कामही ब्रेकर तपासण्याइतकेच महत्त्वाचे आहे.